गच्चीवरची दोरी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापकीय समितीचे सर्व सदस्य,
आपली सोसायटी, सिंहगड रस्ता, पुणे.

विषय : गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी परत मिळणेबाबत, व त्या अनुषंगाने इतर.

स. न. वि. वि.

काका-काकूंनो, विषय सरकारी थाटात लिहिलाय, कारण बाबा म्हणाले तसा नसेल तर पत्र आवक वहीत चढत नाही. पुढचं मला येतं तसं लिहिते. याआधी दोन पत्रं ऑफिसबाहेरच्या पेटीत टाकली होती. पेटीची किल्ली हरवली आहे हे मला नंतर कळलं. म्हणून हे तिसरं पत्र सरळ नोटीस बोर्डावर लावतेय. राग मानू नका.

मी बी विंगमध्ये राहते, भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला दप्तराच्या वजनाने वाकलेली पाहिलंय.

२०२४ च्या ५ जूनला आपल्या क्लब हाउसमध्ये घोषवाक्य स्पर्धा झाली. पर्यावरण दिन होता. ‘हवामानबदल आणि तरुणाई’ असा विषय होता आणि पहिलं बक्षीस मला मिळालं. ते घोषवाक्य आता सांगत नाही, लाज वाटते. त्यात ‘धरा’ आणि ‘त्वरा’ यांचं यमक होतं एवढंच पुरे. मागे बारा फुटी फ्लेक्स होता. अध्यक्ष काका भाषणात म्हणाले की, छोट्या छोट्या गोष्टींतून सुरुवात करा, मोठं काम आपोआप होईल. मला ते पटलं होतं, खोटं कशाला सांगू.

त्याच आठवड्यात नोटीस लागली : ‘इमारतीचे सौंदर्य अबाधित राखण्यासाठी गच्चीवरील व गॅलरीतील दोऱ्या काढण्यात येत आहेत. गच्ची कुलूपबंद राहील.’

आता पुढचं गणित बघा. त्या नोटिशीनंतर आमच्या मजल्यावरच्या चार घरांपैकी दोघांनी ड्रायर घेतला. ड्रायरच्या एका लोडला दोन-अडीच युनिट वीज सहज जाते. महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळशावर होते, आणि देशाच्या ग्रिडमधून एक युनिट ओढलं की कुठल्यातरी धुराड्यातून साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड वर जातो. म्हणजे एका लोडमागे दीड-पावणेदोन किलो. आणि हे कुठे, तर जिथे एप्रिल-मेमध्ये गच्चीवर टाकलेली जीन्स दोन तासांत पापडासारखी कडक होते त्या पुण्यात! पावसाळ्यात कुणी ड्रायर लावला तर माझं काही म्हणणं नाही, आठ दिवस कुबट वास मारणारे टॉवेल आम्हीही वापरलेत. पण ऊन फुकट पडतंय आणि त्याला आपण कुलूप लावलंय, हे काही केल्या डोक्यात शिरत नाही.

त्याच वर्षी २५ जुलैला पहाटे आपल्या सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत नदीचं पाणी शिरलं. माझी मैत्रीण आणि तिची आजी तीन दिवस आमच्याकडे होत्या. आजींचं एक लुगडं मी सहा वेळा खळबळून काढलं तरी बादलीचा तळ दिसेना, इतका गाळ. गच्ची बंद, गॅलरीत दोरी नाही, म्हणून आम्ही सगळे कपडे जिन्याच्या कठड्यावर टाकले. संध्याकाळी आमच्या दाराला चिठ्ठी चिकटवलेली होती : सामाईक जागेत कपडे वाळत घालू नयेत. आजींनी ती वाचली, घडी घालून परत माझ्या हातात दिली. काही बोलल्या नाहीत.

तो पूर निव्वळ हवामानबदलामुळे आला असं मी म्हणणार नाही. धरणातून सोडलेलं पाणी, नदीपात्रातले भराव, बुजवलेले ओढे, सगळ्यांचा त्यात हात आहे. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याने एका रात्रीत काय केलं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलंय. पण तापमान एका अंशाने वाढलं की हवा साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते, हे आम्हाला वर्गात शिकवतात. तेवढं वर जमलेलं पाणी कधीतरी खाली येणारच, आणि आजकाल ते हप्त्याहप्त्याने न येता एकदम येतं.

तर मुद्द्यावर येते. आम्हा मुलांना कायम सांगितलं जातं की तुम्ही रोजच्या जगण्यात बदल करा. करतो की! पण त्यातल्या कुठल्या बदलाने काय फरक पडतो याचा हिशेब कुणी देत नाही, म्हणून तो मीच मांडला. मोबाइलचा चार्जर पिनेतून काढून ठेवा, हे वाक्य पर्यावरणाच्या प्रत्येक पोस्टरवर असतं. नुसता लावून ठेवलेला चार्जर वर्षभरात दोन-तीन युनिटसुद्धा खात नाही. काढून ठेवावा, वाईट काही नाही. आता आपला जिना बघा. मे महिन्यात मी आणि माझ्या भावाने तिन्ही विंगांमध्ये फिरून ट्यूब मोजल्या : ४२. सगळ्या जुन्या, चोकवाल्या, म्हणजे प्रत्येकी पन्नास वॅटच्या घरात. संध्याकाळी सातला लागतात आणि सकाळी सातला वॉचमन काका बंद करतात, विसरले नाहीत तर. रोजची २५ युनिट झाली. वीस वॅटच्या एलईडी लावल्या तर १० युनिटांत भागतं. वर्षाला साडेपाच हजार युनिट वाचतात. अडीच हजार मुलांनी वर्षभर इमानदारीत चार्जर उपटले तर जेवढी वाचेल, तेवढी आपल्या एका जिन्यात वाचते. चार्जर माझा आहे, तो मी काढला. जिना मात्र तुमच्या हातात आहे.

तुम्ही म्हणाल, आधी तुमच्या घरातलं बघा. बरोबर आहे. माझा भाऊ एसी अठरावर लावायचा आणि रजई घेऊन झोपायचा. २०२० पासून विकले जाणारे नवे स्टार लेबलचे एसी सुरू केले की आपोआप चोवीसवरच येतात, पण तो मुद्दाम खाली आणायचा. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. हे मी त्याला तीनदा सांगितलं, तर तिन्ही वेळा त्याने कानात हेडफोन घातले. शेवटी बाबांनी ठरवलं की बिल वाचलं तर वाचलेल्या पैशांतले निम्मे त्याचे. आता एसी सव्वीसवर असतो, वर पंखा, आणि रजई माळ्यावर. तत्त्वज्ञानापेक्षा हे बरं चाललं. माझ्या खोलीतला पंखाही बदलला, पंचाहत्तर वॅटचा काढून तिसेक वॅटचा बीएलडीसी लावला, शिष्यवृत्तीच्या पैशांतून. दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या वेफर्सच्या पाकिटांबद्दल मात्र आमच्या पिढीची बाजू घेणं मला जमणार नाही. एक कोथिंबिरीची जुडी आणि एक पेन मागवायला मुलगा मोटारसायकल घेऊन येतो, आणि ते मागवणारे बहुतेक आम्हीच असतो. त्यावर आम्ही सात-आठ जणांनी ठरवलंय की, खाली वाण्याकडे मिळतं ते मागवायचं नाही. चार जण पाळतात.

आता कचऱ्याबद्दल. इथे मला जरा जास्त लिहायचंय, कारण इथे मी स्वतः शेण खाल्लंय.

मागच्या उन्हाळ्यात मी गॅलरीत खत करायला घेतलं. रंगाचा रिकामा डबा आणला, तळाला भोकं पाडली आणि घरातला सगळा ओला कचरा त्यात कोंबायला लागले. उरलेली आमटी, भात, कलिंगडाच्या फोडी, सगळं. सहाव्या दिवशी वास सुटला. आठव्या दिवशी झाकण उघडलं तर आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. नवव्या दिवशी डब्याखालून पाणी पाझरलं आणि खालच्या काकूंच्या गॅलरीत वाळत ठेवलेल्या कुरडयांवर थेंब पडले. त्या कुरडया खरं तर गच्चीवर असायच्या, पण गच्चीला कुलूप. काकूंनी तक्रार केली, ती करायलाच हवी होती. मला पाचशे रुपये दंड झाला, तो मी भरला. पण मग गॅलरीत खत करायला कायमची बंदी आली, आणि तिथे माझं डोकं फिरलं.

कारण तोवर माझी चूक माझ्या लक्षात आली होती. ओल्याला कोरडं मिळालं नव्हतं. एक मूठ ओला कचरा टाकला की त्यावर दोन मुठी सुका पाला, मधूनमधून आंबट ताकाचा हबका, चार दिवसांनी काठीने वरखाली, एवढंच करायचं असतं. हवा खेळती राहिली की वास येत नाही. हे मला कुणी सांगितलं? रोज सकाळी आपल्या दारांवरून कचरा नेणाऱ्या ताईंनी. त्या ‘स्वच्छ’ या संस्थेच्या सभासद आहेत. कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे ती, त्यांच्याच मालकीची. तिच्या मागे १९९३ मध्ये सुरू झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. ताई मला म्हणाल्या, “पोरी, तुमच्या बिल्डिंगच्या मागं ढिगानं पाला पडतो, तो माळी जाळतो, आन तू पाल्यासाठी रडतीस?”

खरंच की! आपल्या पर्जन्यवृक्षांचा पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये पोत्यांनी पडतो. माळीकाका तो कुंपणाच्या कोपऱ्यात जाळतात, सी विंगच्या आजोबांना खोकला येतो, ते खिडक्या लावून घेतात आणि एसी लावतात. शंभर पावलांवर जनरेटरच्या खोलीमागे खताचे दोन मोठे पिंप आहेत, बिल्डरने सोसायटी ताब्यात देताना दिलेले. एकात रंगाचे डबे आहेत, दुसऱ्यात जुनी नळाची पाइपं. मी आत वाकून बघितलंय.

२०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनीच सांगितलं होतं की पाच हजार चौरस मीटरच्या वर आवार असेल तर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा. आपलं आवार त्यात बसत होतं. आपण नाही जिरवला तर तो कुठे जातो? शहराचा कचरा किती वर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांच्या उशाला पडत होता, त्यांनी किती वेळा गाड्या अडवल्या, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. ढिगाखाली दाबलेला, हवा न मिळालेला ओला कचरा मिथेन सोडतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीस पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. कलिंगडाची साल पिंपात कुजली तर खत होते, ढिगात कुजली तर हे.

मी आणि बी विंगमधली आणखी पाच मुलं पाळ्या लावून पिंप सांभाळायला तयार आहोत. परीक्षेच्या महिन्यात काय, असं विचाराल. तेव्हा ए विंगची दहावी झालेली मुलं बघतील, त्यांना विचारून झालंय. पहिलं खत तयार झालं की आधी खालच्या काकूंच्या कुंड्यांना. कुरडयांची भरपाई त्याने होणार नाही, माहीत आहे.

सायकलचं थोडक्यात सांगते. माझं कॉलेज सहा किलोमीटर आहे. रोजचे जाऊन-येऊन बारा, वर्षात अडीचशे दिवस धरले तर तीन हजार. स्कूटरने गेले तर सदुसष्ट-अडुसष्ट लिटर पेट्रोल, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, आणि पैसे वेगळे. मी वर्षभर सायकलने गेले. मग सायकल स्टँडच्या जागी तीन जणांच्या दुसऱ्या गाड्यांसाठी पट्टे आखले गेले. सायकल लिफ्टमधून न्यायची नाही असा नियम आहेच. अकरा किलोची सायकल पाच मजले रोज चढवून बघा, शनिवारी एक दिवस, कुणीही. मी तीन आठवडे केलं. नंतर ती खाली कुंपणाला बांधली आणि चोरीला गेली. आता बसने जाते. बसही चांगलीच आहे, आली की. पण एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या गावात तेरा सायकली उभ्या करायला दोन गाड्यांएवढी जागा नसावी?

सोलरच्या गरम पाण्याबद्दल सगळ्यांना ठाऊकच आहे. नळ सोडला की आधी दोन बादल्या गार पाणी येतं आणि मग कुठे कोमट. बहुतेक घरांत ते गार पाणी सरळ मोरीत जातं, आणि कंटाळून लोक गिझर लावतात. आमच्या घरी आई त्या बादल्या भरून घेते, फरशी पुसायला आणि झाडांना. हे आईने कुठल्याही पर्यावरण दिनाला शिकलेलं नाही, ती मराठवाड्यातली आहे.

विजेच्या सोलरवर मात्र समितीने गेल्या सभेत ‘बघू’ म्हटलं होतं. बघाच. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक विजेसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. वीस किलोवॅट बसवले तर तीन लाख साठ हजार. पुण्याच्या उन्हात एक किलोवॅट सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो, म्हणजे आपल्याला ऐंशीच्या आसपास मिळतील. त्यात जिना, पंप आणि लिफ्टचा बराचसा भार निघेल. ‘पॅनेल बसवल्यावर दोऱ्यांना जागा कुठे उरणार’ असं खजिनदार काकांनी मला लिफ्टमध्ये विचारलं होतं. पॅनेल उंच सांगाड्यावर बसवता येतात, खालून माणूस ताठ चालतो. खाली दोऱ्या बांधू. कपड्यांना वारा लागतो, रंग विटत नाहीत, उलट बरं.

‘आपल्या ४२ ट्यूबांनी काय जग वाचणार आहे?’ हा प्रश्न मला घरीही विचारला जातो. नाही वाचणार. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे, त्याच्यापुढे आपला जिना म्हणजे काडेपेटीतली काडीसुद्धा नाही. तिथे किती कोळसा जाळायचा हे मला कुणी विचारत नाही, आणि विचारेपर्यंत मी पन्नाशीला आलेली असेन. पण आपल्या जिन्याचं तुम्हाला विचारतात. अकरा जण एका टेबलाभोवती बसता, चहा येतो, हात वर होतात आणि ठरतं. इतक्या सहज काही ठरू शकतं अशी माझ्या ओळखीची दुसरी जागा नाही. आणि मी ज्या ज्या छोट्या गोष्टी करायला गेले, दोरी, खत, सायकल, त्यातली प्रत्येक गोष्ट जाऊन याच टेबलाच्या एखाद्या ठरावाला धडकली. मला आळशी म्हणा, चालेल. पण आम्हाला काही करायचंच नसतं असं निदान आता म्हणू नका.

शेअर सर्टिफिकेट बाबांच्या नावावर असल्यामुळे मला मत नाही, हे मान्य. ते मागतही नाही. सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर चार गोष्टी घ्या एवढंच म्हणणं आहे : जिन्यातले दिवे, खताचे पिंप आणि पाला न जाळणं, सायकलींना जागा, सोलरचं अंदाजपत्रक. त्या विषयांपुरतं आमच्यातल्या दोघांना सभेत बोलू द्या. पाच-पाच मिनिटं. घोषवाक्यं म्हणणार नाही, वचन देते.

दोरीला मात्र सभेची गरज नसावी. गच्चीची किल्ली वॉचमन काकांकडे असते. दोरी मी आणलीय, नायलॉनची, वीस मीटर, खिळेही आहेत. पाऊस उघडला की एखाद्या रविवारी सकाळी नऊला तुमच्यापैकी कुणीतरी वर या आणि इमारतीचं सौंदर्य न बिघडवता ती कुठे बांधायची ते बोट दाखवून सांगा, म्हणजे नंतर वाद नको.

कळावे,
बी विंग, पाचवा मजला

ता. क. : २०२४ चा तो बारा फुटी फ्लेक्स गच्चीवर टाकीमागे पडलाय, किल्लीवाल्या काकांनी सांगितलं. अक्षरं उडाली असली तरी कापड धड आहे म्हणे. फेकू नका. पिंपांवर पावसाळ्यात झाकायला तेवढ्याच मापाचं काहीतरी हवंय.